स्वतःचं रिटर्न स्वतः भरताना

जून उजाडला की ऑफिसात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "माझा टॅक्स तर कंपनीने दर महिन्याला कापलाय. मग मी परत काय भरायचं?" यात विचारणाऱ्याचा दोष नाही, घोळ भाषेचा आहे. आपण करही 'भरतो', फॉर्मही 'भरतो' आणि रिटर्नही 'भरतो'. त्यातून रिटर्न म्हणजे परतावा असं समजणारेही पुष्कळ. ते तीन महिने खात्यात पैसे येण्याची वाट बघतात.

रिटर्न म्हणजे विवरणपत्र. वर्षभरात कुठून किती आलं, त्यावर कर किती बसतो आणि त्यातला किती आधीच सरकारजमा झालाय, एवढा हिशेब आयकर खात्याला सांगायचा. कर कमी गेला असेल तर उरलेला भरायचा, जास्त गेला असेल तर परतावा मिळतो, बरोबर गेला असेल तर हिशेब देऊन मोकळं व्हायचं.

हा लेख पगारदार किंवा निवृत्तिवेतनधारक, थोड्या एफडी, एखादं घर आणि जेमतेम म्युच्युअल फंड असलेल्यांसाठी आहे. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या उत्पन्नाचे आहेत. धंदा, एफ अँड ओ (शेअर बाजारातले वायदा व्यवहार) किंवा कंपनीने दिलेले परदेशी शेअर असतील तर सरळ सीएकडे जा. परदेशी शेअरची माहिती द्यायची राहिली तर दंड इतका मोठा आहे की सीएची फी त्यापुढे काहीच नाही.

कर शून्य येतोय, तरी भरायचं?

हो, बहुतेक वेळा भरायचंच. इथे दोन वेगळ्या मर्यादांची गल्लत होते. कर मोजण्याच्या जुनी आणि नवी अशा दोन प्रणाली आहेत, त्यांतली निवड पुढे येईलच. नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून १२ लाख ७५ हजारांच्या पगारापर्यंत कर लागत नाही. पण रिटर्न भरण्याची मर्यादा वेगळी आहे. वजावटींच्या आधीचं एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की विवरणपत्र बंधनकारक. कर माफ झाला म्हणून हिशेब द्यायचा राहत नाही.

उत्पन्न त्याहून कमी असूनही काहींना भरावं लागतं. वर्षाचं वीजबिल १ लाखावर, परदेशप्रवासाचा खर्च २ लाखांवर, बचत खात्यांत वर्षभरात ५० लाख किंवा जास्त जमा, किंवा टीडीएस (पैसे हाती येण्याआधीच कापलेला कर) २५ हजार वा त्याहून अधिक असलेले लोक यात येतात. आणि बँकेने एफडीवर टीडीएस कापला असेल, पण कर मुळात लागतच नसेल, तर तो परत मिळवायला रिटर्नशिवाय दुसरा रस्ता नाही.

कोणतं वर्ष निवडायचं?

आयकर खात्याच्या पोर्टलवर लॉगिन केल्यावर पहिलाच प्रश्न 'असेसमेंट इयर' कोणतं हा असतो, आणि पहिलीच चूक तिथे होते. पैसे ज्या वर्षी मिळवले ते आर्थिक वर्ष, हिशेब तपासला जातो ते त्याच्या पुढचं करनिर्धारण वर्ष. २०२५-२६ च्या कमाईसाठी २०२६-२७ निवडायचं.

नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि त्यात ही जोडगोळी जाऊन एकच 'कर वर्ष' आलं आहे. मात्र ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचा हिशेब १९६१ च्या जुन्या कायद्यानेच होतो. त्यामुळे या खेपेला तरी जुनीच भाषा.

बसण्याआधी हाताशी काय हवं

एप्रिलमध्येच रिटर्न भरून मोकळं होण्याची घाई असते काहींना. तसं करू नका. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचा तपशील कंपन्या आणि बँका ३१ मेपर्यंत सरकारला देतात, आणि कंपनी तुम्हाला फॉर्म १६ देते तो १५ जूनपर्यंत. त्याआधी भरलेलं रिटर्न अर्ध्या माहितीवरचं असतं.

कागद तीन. पहिला फॉर्म १६. त्याच्या भाग 'अ' मध्ये कापलेला कर, भाग 'ब' मध्ये पगाराची फोड. दुसरा फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचं पासबुकच. तिसरा एआयएस, वार्षिक माहिती विवरण. हा नोव्हेंबर २०२१ मध्ये आला आणि माझ्या मते रिटर्न भरण्याची पद्धतच त्याने बदलली. बचत खात्याचं व्याज, लाभांश, विकलेले शेअर, फंडातले व्यवहार, घरखरेदी, सगळं त्यात दिसतं. तुमच्याबद्दल खात्याला काय ठाऊक आहे ते तुम्हाला आधीच दाखवून ठेवलेलं असतं. ते न बघता रिटर्न भरायचं म्हणजे समोर ठेवलेली प्रश्नपत्रिका न वाचता उत्तरं लिहायची.

पण एआयएस म्हणजे वेदवाक्यही नव्हे. आईबरोबरच्या संयुक्त खात्याचं व्याज तुमच्या नावावर दिसतं, एकच व्यवहार दोनदा नोंदलेला असतो. अशा नोंदीपुढे 'फीडबॅक' देण्याची सोय आहे. माहिती चुकीची आहे, दुसऱ्याच्या पॅनची आहे, दुबार आहे, असे पर्याय त्यात मिळतात. उलट बाजूही लक्षात ठेवा. एआयएसमध्ये नाही म्हणून उत्पन्न लपलं असं होत नाही. शिकवणीचे रोख मिळालेले पैसे तिथे नसले तरी करपात्र असतातच.

फॉर्म १६ मध्ये जे नसतं

नवख्याची खरी फसगत इथे होते. फॉर्म १६ चे आकडे पोर्टलवर आधीच भरून आलेले दिसतात, खाली कर शून्य दिसतो, आणि माणूस 'सबमिट' दाबून मोकळा होतो. माझ्या पहिल्या रिटर्नला मी हेच केलं. पगाराव्यतिरिक्त दोन एफडी होत्या, त्यांचं व्याज डोक्यातच नव्हतं. पुढे खात्याकडून ईमेल आली तेव्हा पोटात गोळा आला. प्रकरण किरकोळ रकमेचं होतं, सुधारित रिटर्न भरून मिटलं.

व्याजाबद्दल तीन गैरसमज पुन्हा पुन्हा भेटतात. एक, "टीडीएस कापला नाही म्हणजे व्याजावर कर नाही." एका बँकेतलं एफडीचं व्याज वर्षाला ५० हजारांवर (ज्येष्ठांसाठी १ लाखावर) गेलं तरच बँक टीडीएस कापते. त्याखालचं व्याजही करपात्र असतंच. दोन, "टीडीएस कापला म्हणजे संपलं." बँक कापते १० टक्के. तुमचा स्लॅब ३० टक्क्यांचा असेल तर उरलेला कर तुम्हीच भरायचा. तीन, "एफडी पाच वर्षांनी मोडणार, व्याज तेव्हाच दाखवीन." एफडीवर व्याज दरवर्षी चढतं आणि बँक ते दरवर्षी कळवते, म्हणून आपणही दरवर्षी दाखवलेलं बरं. नाहीतर पाचव्या वर्षी सगळं एकदम अंगावर येतं, आणि आधीच्या वर्षांचा कापलेला टीडीएस कुठे लावायचा हा नवाच गुंता.

बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस नसतो, पण तेही 'इतर उत्पन्न' आहे. जुन्या प्रणालीत त्यापैकी १० हजारांपर्यंत वजावट मिळते, ज्येष्ठांना सर्व ठेवींच्या व्याजावर मिळून ५० हजार. नव्या प्रणालीत दोन्ही नाहीत. पीपीएफचं व्याज करमुक्त, तरी ते करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात लिहायचं.

आणि शेती. नोकरी शहरात, पण सातबाऱ्यावर नाव गावाकडे, अशी घरं आपल्याकडे किती तरी. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, हे खरं. ५ हजारांपर्यंत असेल तर साध्या आयटीआर-१ मध्ये दाखवता येतं, त्यावर गेलं की आयटीआर-२ लागतो. शिवाय ५ हजारांवरचं शेतीउत्पन्न तुमच्या बाकी उत्पन्नाचा कराचा दर ठरवताना मोजलं जातं, त्यामुळे त्यावर थेट कर नसला तरी पगारावरचा कर थोडा वाढू शकतो. हे ऐकून लोक चिडतात, पण नियम तसा आहे. भावाने तुमच्या वाट्याचे पैसे पाठवले असतील तर ते नोंदवून ठेवा.

वर्षात नोकरी बदलली असेल तर

हा भाग निवांत वाचा, कारण सगळ्यात मोठा धक्का इथूनच बसतो.

समजा सप्टेंबरपर्यंत पहिल्या कंपनीत ५ लाख ५० हजार मिळाले. वर्षाचे होणार ११ लाख, म्हणून तिने कर कापला नाही. ऑक्टोबरपासून दुसऱ्या कंपनीत ८ लाख ५० हजार मिळाले. तिच्या हिशेबी तुम्ही वर्षाला तेवढेच कमावता, म्हणून तिनेही काही कापलं नाही. दोघींनीही ७५ हजारांची वजावट दिली, दोघींनीही ८७ए लावलं. दोन्ही फॉर्म १६ वर कर शून्य, आणि तुम्ही खूश.

रिटर्नमध्ये दोन्ही पगार एकत्र येतात, १४ लाख. प्रमाणित वजावट एकदाच, उरले १३ लाख २५ हजार. कर: पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर २० हजार, ८ ते १२ लाखांवर ४० हजार, वरच्या सव्वा लाखावर १५ टक्क्यांनी १८,७५०. एकूण ७८,७५०, त्यावर ४ टक्के उपकर धरून ८१,९०० रुपये. शिवाय आगाऊ कर (वर्ष संपण्याआधीच भरायचा कर) भरला नाही म्हणून महिन्याला १ टक्का व्याज. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हा आकडा पडद्यावर दिसला की माणूस पोर्टल बिघडलंय असं समजतो.

पोर्टल बरोबर असतं. यावर इलाज नोकरी बदलतानाच करायचा. नव्या कंपनीला फॉर्म १२बी मधून आधीच्या पगाराची आणि टीडीएसची माहिती द्यायची, मग ती पूर्ण वर्षाच्या हिशेबाने कापते. तेव्हा राहिलं असेल तर निदान मार्चआधी आगाऊ कर भरा.

कोणता फॉर्म?

तुम्ही भारतात निवासी आहात, एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत आहे, आणि ते पगार किंवा पेन्शन, एक घर व व्याज-लाभांश एवढ्यातून येतं, तर आयटीआर-१, म्हणजेच 'सहज'. सूचिबद्ध शेअर किंवा इक्विटी फंडावरचा दीर्घ मुदतीचा नफा १ लाख २५ हजारांपर्यंत असेल तर तोही इथे बसतो.

अल्प मुदतीचा नफा किंवा तोटा झाला असेल, अगदी शंभर रुपयांचा, तर आयटीआर-२. इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी शेअर घेऊन विकणं, केलं असेल तर ते व्यवसायात मोजतात, म्हणून आयटीआर-३. फावल्या वेळात डिझाइन, सल्लागिरी वगैरे करून पैसे मिळवले तर बहुधा आयटीआर-४.

शेअरवाल्यांसाठी एक खाचखळगा. समजा पगाराचं करपात्र उत्पन्न ९ लाख, आणि शेअर वर्षाच्या आत विकून ४० हजार नफा झाला. एकूण १२ लाखांच्या आत, म्हणून कर शून्य असं वाटतं. पण ८७ए ची सवलत या विशेष दराच्या नफ्याला लागत नाही. ४० हजारांवर २० टक्के, म्हणजे ८ हजार आणि उपकर भरावाच लागतो.

जुनी प्रणाली की नवी?

कुणीतरी "नवीच चांगली" म्हणतं, कुणी "गृहकर्ज आहे ना, मग जुनी". दोघांचंही ऐकू नका, आकडे मांडा. पगार १५ लाख धरू. नव्या प्रणालीत उपकरासह कर येतो ९७,५००. जुन्या प्रणालीत एवढाच कर यायला सगळ्या वजावटी मिळून ५ लाख ९४ हजारांच्या आसपास हव्यात. आता जोडा: प्रमाणित वजावट ५० हजार, कलम ८०सी मधल्या गुंतवणुकीचे (पीपीएफ, विमा वगैरे) दीड लाख, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज २ लाख, एनपीएस या पेन्शन योजनेचे जादा ५० हजार, आरोग्यविमा २५ हजार, महाराष्ट्रातला व्यवसाय कर २,५००. झाले ४ लाख ७७ हजार ५००. एवढं सगळं करूनही नवीच स्वस्त! वर मोठा घरभाडे भत्ता असेल तरच पारडं फिरतं. भत्त्याचं गणित करताना हे ध्यानात घ्या की या वर्षासाठी मूळ पगाराच्या (महागाई भत्ता धरून) ५० टक्क्यांची मर्यादा फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला आहे. पुण्यात भाडं मुंबईच्या तोडीचं असलं तरी इथे ४० टक्केच. वर्षाचं भाडं १ लाखावर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो, आणि तो मागितला की काही मालकांचा सूरच बदलतो.

करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या जरासंच वर गेलं म्हणून घाबरू नका. १२ लाख १० हजारांवर ६१,५०० कर द्यावा लागत नाही, जादाच्या १० हजारांइतकाच कर आणि त्यावरचा उपकर लागतो. पोर्टल ही सवलत आपोआप देतं.

कंपनीला वर्षाच्या सुरुवातीला एक प्रणाली सांगितली तरी पगारदार रिटर्न भरताना दुसरी निवडू शकतो. मात्र मुदतीतच. मुदत उलटली की जुनी प्रणाली मिळत नाही.

पडद्यासमोर

पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा. एसएमएसमधल्या 'तुमचा परतावा मंजूर' छापाच्या दुव्यावर कधीच जाऊ नका. पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, आणि परतावा ज्या बँक खात्यात हवा ते 'प्री-व्हॅलिडेट' (आधी पडताळून) झालंय ना, हे आधी बघा. लग्नानंतर पॅनवर एक नाव आणि बँकेत दुसरं असेल तर परतावा अडकतो.

फॉर्म उघडल्यावर प्रणालीचा प्रश्न उलटा विचारतात: नव्या प्रणालीतून बाहेर पडायचंय का? 'नाही' म्हणजे नवी, 'हो' म्हणजे जुनी. घाईत 'हो' दाबून, मग कर एवढा कसा वाढला म्हणून डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत.

पुढे आधीच भरलेला प्रत्येक आकडा फॉर्म १६ आणि एआयएसशी ताडून बघा. निवृत्तिवेतन पगाराच्या रकान्यात जातं, पण वडिलांच्या पश्चात आईला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन 'इतर उत्पन्ना'त. टीडीएस २६एएसमध्ये दिसतो तेवढाच मागा. कंपनीने पगारातून कापला पण सरकारकडे भरलाच नाही असं दिसलं तर आधी त्यांच्या लेखा विभागाला गाठा.

कागदपत्रं जोडायची नसतात. याचा अर्थ काहीही लिहावं असा नाही. "तुम्हाला मोठा परतावा काढून देतो" म्हणणारे महाभाग राजकीय देणग्या आणि खोटी भाडी टाकतात, हिस्सा घेतात आणि गायब होतात. उत्पन्न चुकीचं दाखवल्याचा दंड कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो, आणि तो येतो पॅनधारकाच्या नावावर.

कर देय निघाला तर पोर्टलवरच्या 'ई-पे टॅक्स'मधून 'सेल्फ असेसमेंट टॅक्स' निवडून भरा. करनिर्धारण वर्ष पुन्हा तपासा. चलनावरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक) आणि क्रमांक रिटर्नमध्ये आले की देय रक्कम शून्य दिसली पाहिजे. ती दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सबमिट झालं, पण संपलं नाही

सबमिट केल्यापासून ३० दिवसांत रिटर्न व्हेरिफाय करावं लागतं. सोपा मार्ग आधार ओटीपीचा. नेटबँकिंगनेही होतं, किंवा सही केलेला आयटीआर-व्ही (रिटर्नची पोचपावती) टपालाने बंगळुरूच्या केंद्राला पाठवता येतो. हे राहिलं तर रिटर्न भरलेलंच नाही असं धरतात. मोबाइल नंबर बदललाय आणि आधारला जुनाच जोडलाय, हे कळायची ही सगळ्यात वाईट वेळ.

पगारदारांची नेहमीची मुदत ३१ जुलै. २०२५ मध्ये ती आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, म्हणून यंदाही वाढेल या भरवशावर बसू नका. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. शुल्क ५ हजार, एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १ हजार, शिवाय देय करावर व्याज. भरल्यावर चूक लक्षात आली तर सुधारित रिटर्न भरा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

काही दिवसांनी, कधी महिन्यांनी, कलम १४३(१) ची सूचना ईमेलवर येते. नोटीस आली म्हणून घाम फुटतो लोकांना, पण ही सगळ्यांनाच येते. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन छोट्या अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख, आठ अंकी. आत दोन रकाने असतात, एकात तुम्ही दिलेले आकडे, दुसऱ्यात खात्याने काढलेले. दोन्ही जुळले तर फाइल जपून ठेवा. जुळले नाहीत तर कोणत्या ओळीपासून फरक सुरू होतो ते शोधा, बहुतेकदा टीडीएस किंवा राहून गेलेलं व्याज सापडतं.

परतावा आला आणि त्यात थोडी रक्कम जास्त दिसली, तर ते खात्याने दिलेलं व्याज आहे, महिन्याला अर्धा टक्का. मूळ परतावा उत्पन्न नाही, पण हे व्याज आहे. ते लगेच कुठेतरी लिहून ठेवा, पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवायचंय.